दारातली फणी

अनसू, तू गेल्यानंतर बालवाडी पुन्हा उघडली त्या सकाळी मी मुद्दाम लवकर आले. परळच्या नाक्यावरून तुझ्या गल्लीत वळताना पाय उचलत नव्हते. पण पोरं येतील आणि कुलूप बघून परत जातील, ते मनाला पटेना. दार उघडलं, चटया घातल्या, माठ भरला आणि आत भिंतीला टेकून बसले.

पहिली आली ती पार्वतीची शेवंती. उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. मला वाटलं, बाई दिसत नाहीत म्हणून आता भोकाड पसरणार. पण नाही. तिनं मान खाली घातली, डोळे मिटले आणि डोकं जरासं पुढे करून उभी राहिली. मग मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे. मग आत आली आणि चटईवर आपल्या जागी बसली. तिच्या मागून आलेली पोरंही तशीच एकेक करून थांबली, मान वाकवली आणि आत आली. कोणी कोणाला ढकललं नाही. दारात कोणी नव्हतं, अनसू. मी समोरच बसले होते.

तू रोज त्या दारात उभी राहायचीस. एका हातात ती शिसवी फणी, खिडकीच्या फळीवर खोबरेल तेलाची वाटी. येणाऱ्या प्रत्येक पोराचं डोकं विंचरून, भांग पाडून मगच त्याला आत सोडायचीस. पहाटे पहिल्या पाळीला पळणाऱ्या, रस्ते झाडायला जाणाऱ्या आया पोरांच्या केसांकडे कधी बघणार? ‘त्यांनी पोटाचं बघावं, डोक्याचं मी बघते,’ असं तू म्हणायचीस. तेव्हा मी स्वतःला समजावलं की ही सवय आहे, चार दिवसांत जाईल.

पण दुसऱ्या दिवशी मी नीट बघितलं. ज्या पोरांचे केस बारीक कापलेले, ती क्षणभर थांबत आणि आत येत. शेवंतीच्या डोक्यात नेहमी गुंता, म्हणून ती खूप वेळ उभी राही आणि मधूनच तोंड वाकडं करी. सवय एवढं बघते का गं? मी उठून दारापाशी गेले. गल्लीत कोपऱ्यावरचा पानवाला दुकान उघडत होता, नळावर बायका भांडत होत्या, सगळं नेहमीसारखं. फक्त उंबऱ्यावर खोबरेलाचा वास होता. फळीवरची वाटी मी स्वतः घासून आत ठेवली होती.

तुला हे सांगताना मला हसू येतंय आणि अंगावर काटाही येतोय. कारण भुताखेतांवर तुझ्याइतकं तोंडसुख कोणी घेतलं नसेल. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलीस आणि पहिल्या आठवड्यात चाळीतल्या दारांवरच्या लिंबू-मिरच्या ओढून काढल्यास. म्हातारी काशीबाई ओरडली, तर तिला म्हणालीस, ‘देव सोडले ते काय भुतं ठेवायला?’ मग हे जे दारात उभं राहत होतं त्याला मी काय म्हणू, ते तूच सांग.

चाळीच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. मलाही बोलायला लावलं. मी त्यागी, कष्टाळू, सेवाभावी असं काहीबाही बोलून खाली बसले. त्यातलं एकही विशेषण तू ऐकून घेतलं नसतंस. म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहितेय.

आपली ओळखच भांडणातून झाली. आमच्या गिरगावच्या महिला मंडळानं जुने कपडे गोळा केले होते आणि ते वाटायला आम्ही परळला आलो होतो. बायका रांगेत उभ्या. तुझ्या हातात एक ब्लाऊज पडला, तो तू उलटसुलट बघितलास आणि मला परत दिलास. ‘बटणं नाहीत. लावून आणा, मग घेते.’ आमच्या अध्यक्षीणबाई लालबुंद झाल्या. मी मात्र पुढच्या शनिवारी खरंच बटणं लावून घेऊन आले. तू दार उघडलंस, ब्लाऊज बघितलास, म्हणालीस, ‘टाके बरे घातलेस. चहा पिणार?’ मी प्यायले. कप स्वच्छ धुतलेला होता, पण मी तो किती बिनघोर उचलते हे तू कोपऱ्यातून बघत होतीस, आणि तू बघतेस हे मला दिसत होतं.

तेव्हा तुझं गिरणीच्या वाइंडिंग खात्यातलं काम सुटलं होतं. गल्लीच्या टोकाची कोळशाची वखार बंद पडली होती, ती खोली तू मालकाच्या मागे लागून घेतलीस आणि पोरं बसवलीस. कितीही चुना लावा, भिंतीतून काळं वर यायचं. पोरं त्यावर बोटं फिरवून चित्रं काढायची. त्यांना दूध हवं होतं, पाट्या हव्या होत्या, भाडं भरायला हवं होतं. मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट. देणगी मिळवायला अर्ज लागतो आणि अर्ज इंग्रजीत लागतो, एवढं मला कळत होतं. तेव्हापासून तू मराठीत सांगायचीस, मी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीत बसवायची, आणि शनिवारी दुपारी आपण दोघी फोर्टात एकेका धर्मादाय ट्रस्टचे जिने चढायचो.

किती जिने गं ते! एका शेटजींचा फंड फक्त त्यांच्या जातीच्या मुलांसाठी. दुसऱ्यांचा गुरांच्या पांजरपोळासाठी आणि कबुतरांसाठी. तिथून उतरताना तू कठड्यावरच्या कबुतरांकडे बघून म्हणालीस, ‘यांचा अर्ज कोण टाइप करतं विचार.’ मी हसून हसून पायरीवर बसले. तिसरीकडे हरिजनांसाठी वेगळा फंड होता, तो मिळण्यासारखा होता. कारकुनानं जातीचा रकाना दाखवला. तू म्हणालीस, बौद्ध. तो म्हणाला, मग या फंडात बसत नाही. मी तुझा पदर ओढला. म्हटलं, कागदापुरतं जुनं लिही, पोरांना दूध मिळेल. तू जिन्यातच माझ्याकडे वळलीस. ‘कागदापुरता लिहायला धर्म म्हणजे काय रेशनकार्डावरचा पत्ता हाय?’ ते दार तिथेच मिटलं. त्यावर मी तुझ्याशी पुष्कळ भांडले. आजही मला कळत नाही की माझं चूक होतं की तुझं. दूध तर गेलंच.

आणि तो शब्द. इंग्रजी अर्जात एक शब्द घातल्याशिवाय ट्रस्टवाल्यांचं पान हलत नाही. तू त्याचा मराठीत अर्थ विचारलास. मी म्हटलं, निराधार.

‘कोण निराधार?’

‘मुलं.’

‘शेवंतीला आई हाय. बाप दारूडा असंल, पण हाय. आणि मी काय मेले?’

तो शब्द मी खोडला. तू गेल्यावर एक पत्र टाइप करताना तो सरळ घालता येईल असं मनात आलं आणि हात थांबले.

शेवटी एका ट्रस्टनं पाहणी करायचं कबूल केलं. पण ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची. पाहणीची तारीख ठरावी आणि हरताळ पडावा. गिरण्यांचे भोंगे गप्प, दुकानं बंद, लालबागेत अश्रुधूर. फोर्टातली माणसं परळचं नाव काढलं की घाम पुसायची. अर्जात एक प्रश्नही होता, संस्थेचा चळवळीशी संबंध आहे काय? तू म्हणालीस, ‘लिही, पोरं दूध मागताना पण “झालाच पाहिजे” म्हणतात.’ मी ‘नाही’ असं लिहिलं. तू स्वतः बायकांच्या मोर्चात पुढे होतीस आणि लाठीमारात तुझं उजवं कोपर दुखावलं होतं, ते अर्जात कुठेच आलं नाही. त्या कोपरामुळे तुझा हात पुरता वर जाईना. तेव्हापासून तू पोरांचा भांग उजव्या बाजूनं पाडायला लागलीस. चाळीतल्या आया मुलींचा भांग मधोमध पाडतात, मुलांचा डावीकडून. तुझ्या बालवाडीची पोरं कुठेही दिसली तरी भांगावरून ओळखू यायची.

पाहणीला ट्रस्टचे सेक्रेटरी आले ते एक वयस्क गुजराती गृहस्थ होते. पांढरी टोपी, हातात छत्री. रस्त्यात कुणी अडवेल म्हणून बिचारे जीव मुठीत धरून आले होते. आणि आपल्या चाळीनं त्या दिवशी काय करावं! सेक्रेटरीसाहेब येणार म्हटल्यावर आयांनी आदल्या दिवसापासून तयारी केली. ज्यांच्याकडे चांगला फ्रॉक नव्हता त्यांनी शेजारणीकडून आणला. कुणी लग्नातली जरीची टोपी काढली. पोरांच्या तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, केसांना तेल. काशीबाईनं पातेलंभर शिरा केला. शेजारच्या चाळीतली पोरंही नटूनथटून येऊन बसली, कारण पाहुण्यासमोर आपली बालवाडी रिकामी दिसू नये. तू दारात फणी घेऊन उभी, चेहऱ्यावर लग्नघरासारखा आनंद.

सेक्रेटरींनी सगळं बघितलं. शिरा खाल्ला. एका पोरीला कविता म्हणायला लावली. मग हात पुसत म्हणाले, ‘बेन, तुमची छोकरी तर एकदम सरस हाय. बहु सारू. पण आमचा फंड गरीब लोकांसाठी आहे.’

ते गेल्यावर चाळीतल्या बायकांना कळेचना की काय चुकलं. पार्वती मला विचारत होती, ‘ताई, शिऱ्यात साखर कमी पडली का?’

त्या दिवशी आपण नाक्यापर्यंत चालत गेलो आणि मी तुझ्यावर सगळा राग काढला. म्हटलं, अनसू, देणाऱ्याला गरिबी दिसावी लागते. पुढच्या वेळी पोरं जशी घरून येतात तशीच बसव. फाटकी असू देत, केस पिंजारलेले असू देत. एक दिवसाचा प्रश्न आहे, त्यावर वर्ष निघेल. तू थांबलीस. मग म्हणालीस, ‘कुमुद, पोरांना भीक मागायला बसवायचं असतं, तर माझी गरज काय होती? रस्ता हाय की.’

‘भीक नाही, अनुदान आहे.’

‘तुझ्या इंग्रजीत काय असंल ते असंल. माझ्या दारातून विस्कटलेलं पोर आत जाणार नाय. एवढं ध्यानात ठेव.’

मी चिडून ट्रामला लोंबकळले आणि मागे वळूनही बघितलं नाही. पुढच्या शनिवारी आले तेव्हा तू काही झालंच नाही अशी हसलीस आणि नेहमीचं म्हणालीस, ‘बस गो एकदा माझ्यापुढं. तुझ्या डोक्याचं घरटं मोडते.’ माझे केस खरंच घरटं आहेत. दिवसभर टाइपराइटरवर वाकून कपाळावर बटा येतात, त्या मी तशाच मागे सारते. मी म्हटलं, आज घाई आहे, पुढच्या शनिवारी. हे मी तुला किती शनिवार सांगितलं असेल!

त्यातच तुला ताप आला. तो उतरेना. इस्पितळातून तुला घरी आणलं ते अखेरचंच. चाळीतले एक गृहस्थ कागदावर उतरवून घेतलेल्या पाली गाथा अडखळत वाचत होते, कारण त्या अजून कोणाला पाठ नव्हत्या. बायका रडायचं की हात जोडायचे या संभ्रमात. तुला बाहेर नेण्याआधी मी तुझी फणी तुझ्या हातात ठेवली. बोटं मिटत नव्हती म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. ती तुझ्याबरोबर दादरच्या स्मशानात गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून तर मला भीती वाटत होती.

तू गेल्यावर दोन गोष्टी एकदम झाल्या. खोलीच्या मालकानं सांगितलं की वखार पुन्हा सुरू करायचीय, महिनाअखेर जागा मोकळी करा. ट्रस्टचं मंजुरीचं पत्र दाखवलंत तर थांबेन. आणि ट्रस्टकडून पत्र आलं. आपण दुसऱ्यांदा अर्ज केला होता, त्याची पाहणी करायला ते येणार होते. तुझ्या निधनाबद्दल दुःख व्यक्त करून त्यांनी विचारलं होतं की संचालिकेच्या मागे मुलांची देखभाल कोण करतं? मी सुट्ट्या काढून येत होते, त्या संपत आल्या होत्या. बालवाडी मिटणार हे मला दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं, या वेळी माझ्या मनासारखं करायचं. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी आयांना बोलावलं. सांगितलं, उद्या पोरांना तशीच पाठवा. आंघोळ नको, तेल नको, फणी नको. फाटकं असेल ते घाला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पार्वती म्हणाली, ‘बाई असत्या तर...’

‘बाई नाहीत,’ मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. ‘बाई नाहीत आणि खोलीही राहणार नाही. मग पोरं कुठे बसवणार?’

ऐकलं त्यांनी माझं. अनसू, त्या क्षणी मला वाटलं की आपलं भांडण मी जिंकले. फार वाईट वाटलं जिंकून.

सकाळी सेक्रेटरीसाहेब वेळेआधीच आले. लांब कुठेतरी मोर्चा निघाला होता, घोषणा ऐकू येत होत्या. ते आत खुर्चीवर बसले, छत्री मांडीवर आडवी धरून. मी त्यांच्या शेजारी खिडकीपाशी. खिडकीतून गल्ली दिसते आणि डाव्या हाताला दार. पोरं येताना दिसली. आयांनी शब्दशः ऐकलं होतं. मळके कपडे, वाहती नाकं, डोकी पिंजारलेली. शेवंतीच्या केसांच्या तर जटा झाल्या होत्या. मी स्वतःला म्हटलं, बघू नकोस, एका दिवसाचा प्रश्न आहे.

शेवंती दारापाशी आली आणि थांबली. बाहेरचं ऊन तिच्या मागे होतं म्हणून चेहरा दिसत नव्हता. मान खाली गेली. आम्ही दोघं बघत होतो. तिचं डोकं हळूहळू मागे ओढलं गेलं, जसं गाठ सोडवताना ओढलं जातं. ‘आई गं,’ ती म्हणाली. मग मान एकीकडे, मग दुसरीकडे. सेक्रेटरींनी मला विचारलं, ‘ही काय करते?’ मी शेवंतीकडेच बघत राहिले.

शेवंती आत आली. तिचा फ्रॉक फाटका होता, पायांना चिखल होता. केस चापून विंचरलेले होते. तेल चमकत होतं. भांग सरळ, उजव्या बाजूला.

तिच्या मागे बाकीची. बाहेर पिंजारलेली, आत विंचरलेली. मी खिडकीतून बघायची आणि मग दाराकडे बघायची. खोबरेलाचा वास खोलीत इतका भरला की सेक्रेटरींनी रुमाल काढून नाक पुसलं. ते उठले, दारापर्यंत गेले, गल्लीत दोन्ही बाजूंना बघून परत आले.

‘बेन, दारात कोण बाई आहे?’

‘कोणी नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी शेवंतीच्या डोक्यावरून हात फिरवला. तळहात उजेडात धरून बघितला. मग तिच्यासमोर उकिडवे बसले. ‘बेटा, वाळ कोणी विंचरले?’

‘बाईंनी,’ शेवंती म्हणाली आणि दाराकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, संपलं. मागच्या वेळी विंचरलेल्या डोक्यांनीच घात केला होता. मला तुझा इतका संताप आला, अनसू. भीतीपेक्षा जास्त. मेलीस तरी हट्ट सोडला नाहीस, आता जाऊ दे ही खोली आणि भर त्यात कोळसा, असं मी मनात तुला म्हटलं.

सेक्रेटरी परत खुर्चीवर बसले. मोर्चाच्या घोषणा लांब गेल्या. मग ते म्हणाले, ‘मी तर नकार लिहायला आलो होतो. बाई गेल्या, आता छोकरा लोकांना कोण बघणार, असा आमचा विचार. पैसा देऊन काय फायदा? पण हे पोर घरून उठून आलं तसं आलं आहे, आणि तरी कोणी तरी याच्या डोक्याला हात लावला आहे. इथे सांभाळणारं माणूस हाय. ते कोण, ते तुम्ही मला सांगत नाही. ठीक आहे. मी विचारत नाही.’ त्यांनी पेन काढलं. ‘पण कागदावर एक नाव पाहिजे, बेन. कोणाचं लिहू?’

मी दाराकडे बघितलं. उन्हाचा पट्टा उंबऱ्यावर पडला होता आणि रिकामा होता. मी म्हटलं, ‘माझं लिहा.’

काशीबाईला, पार्वतीला, सगळ्यांना मी नंतर खोदून विचारलं. मला अजूनही वाटतं की या बायकांनी काहीतरी संगनमत केलं असेल, गल्लीच्या तोंडाशी कुणी वाटी घेऊन बसली असेल. पार्वतीनं शेवंतीच्या गळ्याची शपथ घेतली. ‘तुम्ही नको म्हणालात ना ताई, मग कशाला विंचरू?’ आणि मग हळूच म्हणाली, ‘आणि असा भांग आम्हाला कुठे येतो?’

मंजुरीचं पत्र आलं. मालक थांबला. मी कचेरीत राजीनामा दिला. दादा घरी दोन दिवस बोलले नाहीत. वहिनींनी एवढंच विचारलं, ‘त्या परळच्या बाईंसाठी?’ आमच्या गिरगावच्या घरात तुझं नाव तेच होतं, परळच्या बाई. तू मला चाळीत सगळ्यांपुढे ‘ही माझी मैत्रीण’ म्हणायचीस. मी घरी तुझी ओळख सांगताना तो शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच राहायचा. वहिनींना मी मान हलवून ‘हो’ म्हटलं आणि ताटावर बसले.

परवा मी लालबागेतून नवी फणी घेतली आणि काल सकाळी दारात, उंबऱ्याच्या आत उभी राहिले. पोरं आली. शेवंती सगळ्यांत पुढे. अनसू, ती उंबऱ्यावर थांबली नाही. सरळ माझ्यापुढे आली आणि मान खाली घातली. मी डावीकडून भांग काढायला गेले तर म्हणाली, ‘असं नाय. बाई हितनं काढायच्या,’ आणि माझा हात धरून उजवीकडे नेला. मागची सगळी पोरंही माझ्यापुढेच थांबली. त्या रिकाम्या जागी कोणी थांबलं नाही, तिकडे कोणी बघितलंही नाही. खोबरेलाचा वास आला तो माझ्याच वाटीतून.

म्हणजे तू गेलीस. तुला अग्नी दिला त्या दिवशी मी रडले नव्हते, एवढी कामं होती. काल रडले. दुपारी पोरं घरी गेल्यावर चटया गुंडाळता गुंडाळता हमसून रडले. मग दाराला कुलूप घालायला उंबऱ्यापाशी आले आणि तिथेच उभी राहिले. का ते ठाऊक नाही. मान खाली घातली, डोळे मिटले. म्हटलं, अनसू, आज मला घाई नाही. नळावर पाणी गळत होतं. गिरणीचा भोंगा झाला. दुसरं काही झालं नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे, पण कोपऱ्यावरचा पानवाला बघायला लागला तेव्हा लाज वाटली, कुलूप घातलं आणि ट्राम पकडून गिरगावला आले.

दार वहिनींनी उघडलं. त्यांना या सगळ्यातलं काही माहीत नाही. त्या पिशवी घ्यायला पुढे झाल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

‘अगंबाई, आज केस कुणाकडून विंचरून घेतलेस? किती छान चापून बसवलेत. आणि भांग हा असा उजवीकडे?’

मी डोक्याला हात लावला. बोटांना तेल लागलं.

‘मैत्रिणीकडून,’ मी म्हटलं.